वकील बँकेचा, घर कोणाचे?

घर घेणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार असतो, आणि बहुधा तोच व्यवहार तो सर्वांत कमी कागद वाचून करतो. बाजारात वांगी घेताना चार वेळा उलटीपालटी करून पाहणारा गृहस्थ वीस वर्षांच्या हप्त्यांनी स्वतःस जखडून घेणाऱ्या दस्तावर, बोट ठेवून दाखविलेल्या जागी, मुकाट्याने सह्या करतो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते : "बँकेने कर्ज दिले आहे, तेव्हा बँकेच्या वकिलाने सर्व पाहिलेच असेल!" या एका समजुतीने आजवर अनेक कुटुंबांचा घात केला आहे. म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

बँकेचा वकील हा बँकेचा वकील असतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्याची फी बहुधा कर्जदाराच्या खिशातून जाते; पण त्याचा अहवाल बँकेला जातो आणि त्याची बांधिलकीही बँकेशीच असते. आपल्या अशिलाची रक्कम सुरक्षित राहील की नाही, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. विकणाऱ्याच्या बहिणीची सही वारस म्हणून घेतली आहे काय, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, वाहन ठेवण्याची जागा खरोखर विकता येण्याजोगी आहे काय, ताबा लांबला तर भरपाई काय, या प्रश्नांची त्याने खरेदीदाराच्या बाजूने चिंता वाहावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. आणि अहवाल चुकीचा निघाला तर? बँकेचे तारण बुडेल, पण कर्ज बुडत नाही. परतफेडीचा करार कर्जदाराने जातीने केलेला असतो. घर गेले तरी हप्ता राहतो!

कल्याण-डोंबिवलीतील पासष्ट इमारतींचे प्रकरण याच अनर्थाचे उदाहरण आहे. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेथील अनेक रहिवाशांनी बँकांकडून रीतसर कर्जे काढली होती. नोंदणी होती, कर्ज होते, दस्त होते. नव्हती ती महापालिकेची खरी परवानगी. ती खरी आहे काय, हे महापालिकेच्या कचेरीत जाऊन विचारणारा खरेदीदाराचा स्वतःचा माणूस कोठे होता? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने जमिनीचा हक्क सदोष निघाल्यास विकासकावर भरपाईची जबाबदारी टाकली आहे आणि तिला मुदतीचे बंधनही ठेवलेले नाही, हे खरे. पण भरपाई मिळण्यास विकासक सापडावा लागतो!

दुसरा प्रश्न नोंदणीचा. "दस्त रजिस्टर झाला, म्हणजे घर माझे झाले," असे पुष्कळांस वाटते. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याच्या मालकीची हमी दुय्यम निबंधक देत नाही. जो मालकच नव्हे, त्याने नोंदवून दिलेले खरेदीखतही मालकी देऊ शकत नाही. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही. आणि कुलमुखत्यारपत्राच्या आडोशाने केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणूनच जाणते वकील तीस वर्षांचा शोध घेतात, सातबारा वा मालमत्ता पत्रक आणि फेरफार तपासतात, आणि आधीच्या प्रत्येक व्यवहाराची साखळी अखंड आहे की नाही ते पाहतात.

तिसरा प्रश्न मूळ कागद कोठे आहेत हा. मुंबईसारख्या शहरांत हक्कलेख सावकाराच्या हाती ठेवले, एवढ्यानेही गहाण होते. शेजाऱ्यालाही त्याचा सुगावा लागत नाही. विकणारा जेव्हा "मूळ करार गहाळ झाला" असे सांगतो, तेव्हा तो खरोखर गहाळ झाला आहे की दुसऱ्या एखाद्या बँकेच्या तिजोरीत सुखरूप आहे, हे पाहिले पाहिजे. २०११ पासून अशा तारणांची केंद्रीय नोंदवही आहे आणि अल्प शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते. किती खरेदीदार ती पाहतात?

कर्ज फिटल्यावर कागद परत मिळण्याविषयी मात्र आता कर्जदाराच्या हाती बळ आले आहे. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यावेत, स्वतःच्या कारणाने विलंब केल्यास दर दिवसास पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये दिला. हा हक्क मागून घेतला पाहिजे. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

याचा पुरावा हवा असेल तर सोसायट्यांकडे पाहावे. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याचे कर्तव्य १९६३ च्या मोफा कायद्याने विकासकावर घातले. ते इतके टाळले गेले की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करणे भाग पडले. तरीही आपली इमारत कोणाच्या जमिनीवर उभी आहे हा प्रश्न अनेक सोसायट्यांना सुचतो तो पुनर्विकासाच्या वेळी, म्हणजे फार उशिरा.

दोन वकिलांचा खर्च सामान्य माणसाला परवडत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच पोकळ नाही. परंतु मुद्रांक शुल्कापोटी लक्षावधी रुपये भरणाऱ्यास स्वतंत्र वकिलाची फी जड वाटावी, हे आश्चर्य आहे. आणि ज्यांस ती खरोखरच परवडत नाही, त्यांच्यासाठी वकीलसंघांनी माफक दराची सल्लाकेंद्रे चालविणे हे त्यांचे सामाजिक ऋण आहे. बँकांकडून आमची मागणी याहून साधी आहे. ज्या हक्कशोध अहवालाची फी कर्जदार देतो, त्याची प्रत त्यास सह्यांपूर्वी, मराठीतील सारांशासह, मिळालीच पाहिजे. आणि "हा अहवाल बँकेपुरता आहे" हे वाक्य त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असावे. यासाठी नवा कायदा नको. रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरे.

तोवर खरेदीदाराने स्वतःचे डोळे उघडे ठेवावेत. बयाणा देण्यापूर्वी मूळ कागद पाहावेत, परवानग्या त्या त्या कचेरीत पडताळाव्यात, आणि आपल्या बाजूने बोलणारा एक तरी जाणकार सोबत न्यावा. बँक आपले पैसे जपते, त्यात तिचा दोष नाही. आपले घर जपण्याचे काम तिच्यावर सोपवून आपण निजलो, तर दोष कोणाचा?