अभियांत्रिकी विभागातील साहाय्यक विद्यार्थ्यांच्या तासांविषयी

मा. अध्यक्ष,
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद,
नवी दिल्ली



‘गेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला परिषदेकडून दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते आणि त्याने आठवड्याला 8 ते 10 तास विभागातील अध्यापनाच्या व संशोधनाच्या कामाला द्यावेत, अशी अपेक्षा नियमांत आहे. अपेक्षा वाजवी आहे. प्रयोगशाळेत हात काळे केल्याशिवाय अभियंता घडत नाही. प्रश्न आहे तो या तासांच्या मोजणीचा.

स्थापत्य विभागातील काँक्रीटची चाचणी पाहावी. 150 मिलिमीटर बाजूचे, प्रत्येकी साधारण 8 किलो भरणारे क्यूब साच्यांत भरले जातात, दुसऱ्या दिवशी साचे खोलून ते क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया चालू राहावी यासाठी, टाकीत बुडवून ठेवले जातात आणि 7 व्या व 28 व्या दिवशी दाबयंत्रात फोडून त्यांची ताकद मोजली जाते. क्यूब शनिवारी भरले तर साचे रविवारी खोलावे लागतात. त्या दिवशी प्रयोगशाळा साहाय्यक सुट्टीवर असतो, त्यामुळे आदल्या दिवशी किल्ली मागून ठेवणारा, पान्याने साच्याचे बोल्ट सैल करणारा आणि प्रत्येक क्यूबवर तारीख व मिश्रणाचा क्रमांक घालणारा बहुधा विद्यार्थीच असतो. शिष्यवृत्तीसाठी संस्थेने पोर्टलवर दरमहा विद्यार्थ्याची जी खातरजमा करायची असते, तीत या रविवारची दखल घेतली जात नाही.

याउलट, अधिमान्यतेच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून त्याला मान्यता देण्याच्या प्रक्रियेच्या फायली लावण्यात किंवा गुणतक्ते भरण्यात गेलेली दुपार ‘संशोधन-साहाय्य’ म्हणून सहज खपून जाते. प्रबंधावर सही करणारे मार्गदर्शक आणि काम सांगणारे अध्यापक पुष्कळदा एकच असल्याने विद्यार्थी नकार देऊ शकत नाही, हे विभागात वावरणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

परिषदेने संस्थांवर एवढेच बंधन घालावे, की सत्राच्या आरंभी प्रत्येक विद्यार्थ्याला कामाचे स्वरूप लेखी कळवावे, मासिक खातरजमेत कामाचा प्रकार व तास नोंदवावेत, सुट्टीच्या दिवशी केलेले काम त्यात धरावे आणि ही नोंद मार्गदर्शकाखेरीज विभागातील दुसऱ्या अध्यापकाने तपासावी. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पोर्टलवर दोन-तीन रकाने वाढवावे लागतील. येत्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी तसे परिपत्रक काढण्यात यावे, ही विनंती.