रायपूरचा युधिष्ठिर
शिवनाथकाठ : भिलाईकर

1930च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या लोकांनी आपले पाच पांडव ठरवून टाकले होते. महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव. युधिष्ठिराचा मान मिळाला तो वामनराव बळिराम लाखे यांना. मराठी घरातले, पेशाने वकील, वय साठीला टेकलेलं. नकुलाच्या जागी मौलाना, याचं त्या गावाला काही वाटलं नाही. आज किती चर्चा झाली असती!

भिलाईच्या नेहरू नगरातून रायपूरचं लाखे नगर फार लांब नाही. पंडित नेहरूंनी एकूण नऊ वर्षं तुरुंगात काढली, हे इथे कुणालाही सांगता येईल. लाखे कोण, असं विचारलं तर मराठी घरांतही उत्तर चटकन येत नाही. कारण उघड आहे. विदर्भातून पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्यांचा छत्तीसगढ 1959च्या पहिल्या झोतभट्टीपासून सुरू होतो. त्याआधीही इथे मराठी माणसं होती आणि ती चांगलीच कामाला लागलेली होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

लाखे 1872 साली जन्मले. 1900च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक लाखे. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. ते तोट्यात चाललं आणि तीन वर्षांत बंद पडलं. पुढे सप्रे नागपूरला गेले, टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती त्यांनी काढली आणि 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या दडपणामुळे त्यांनी माफीनामा लिहून दिला. सुटल्यावर तो सल त्यांना इतका लागला, की माधुकरी मागून ते राहिले आणि ‘दासबोधा’च्या हिंदी अनुवादात त्यांनी स्वतःला बुडवून घेतलं.

लाखे यांच्या आयुष्यात असं नाट्य नाही, आणि म्हणूनच ते विसरले गेले असावेत. त्यांनी काय केलं? 1913 साली रायपुरात सहकारी बँक उभी केली. धान पिकवणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता. त्याला बाहेर काढायचं तर रास्त व्याजाचं कर्ज देणारी दुसरी वही हवी, असा साधा हिशेब. सरकारनेही खूश होऊन 1916 साली त्यांना ‘रायसाहेब’ केलं. 1920 साली असहकाराची हाक आली तेव्हा लाखे यांनी ती पदवी परत केली. मग लोकांनीच त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी देऊन टाकली. तिची सनद नव्हती की दरबार नव्हता.

त्याच वर्षी धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचं पाणी चोरल्याचा ठपका आला. दंड चार हजारांवर. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या सांगण्यावरून गावाने तो भरला नाही. सरकारने गुरं जप्त करून बाजारात लिलावाला उभी केली. बोली लावायला कुणी पुढे येईना. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गुरं हिंडवली गेली, गिऱ्हाईक मिळालं नाही. अखेर सरकारलाच माघार घ्यावी लागली.

अहिंसक लढा म्हटलं की डोळ्यांसमोर मिरवणूक, लाठी आणि तुरुंगाचं दार येतं. कंडेलला यातलं काही निर्णायक ठरलं नाही. स्वस्तात बैलजोडी मिळत असताना शेजारच्या गावचा माणूस खिशात हात घालत नाही, ही एकजूट एका भाषणाने येत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो. लाखे मासिकाचा तोटा सोसत होते, बँकेचा कारभार बघत होते, तेव्हा याच जातीचा विश्वास रायपूरच्या पंचक्रोशीत जमा होत होता. 1930 साली ते वर्षभरासाठी तुरुंगात गेले, त्याला वजन होतं ते या मागच्या कामामुळे. नुसती तुरुंगातली वर्षं मोजणाऱ्या इतिहासात ही बाजू येतच नाही.

म्हणून लाखे यांची तसबीर मराठी मंडळाच्या भिंतीवर ‘आपला माणूस’ म्हणून लावायची असेल तर जरूर लावावी, पण जरा जपून. या माणसाने मासिक हिंदीत काढलं, त्याची बँक छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकऱ्यांसाठी होती, आणि मराठी आडनावाची वेगळी चूल त्याने मांडली नाही. 1941च्या वैयक्तिक सत्याग्रहात सिमग्याला त्यांना पुन्हा अटक झाली, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. स्वातंत्र्यानंतर वर्षभराने, 1948च्या ऑगस्टमध्ये, ते गेले. रायपूरची जिल्हा सहकारी केंद्रीय बँक अजून चालू आहे. सरकारी धानखरेदीचे पैसे शेतकऱ्यांना आजही सहकारी बँकांच्या खात्यांतूनच मिळतात. हंगामात तिथे लागणाऱ्या रांगा लांबलचक असतात आणि त्यांबद्दल कुरकुरही भरपूर होते.