इतिहासाच्या तासाला प्रोजेक्टर लावण्याआधी

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी तुम्ही रत्नागिरीतल्या किंवा आसपासच्या एखाद्या हायस्कुलात जाल. नववी-दहावीला इतिहास, भूगोल शिकवाल. पाठात तंत्रज्ञान आणा, असं कॉलेजात सांगितलेलं असतं. जरूर आणा. पण मुलांना काय कळायला हवं, ते आधी ठरवा. साधन नंतर निवडा.

टाचणात सगळ्यात वर एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कसा आला?

थिबा राजवाडा इथल्या बऱ्याच मुलांनी पाहिलेला असतो. गूगल अर्थवर त्यांना त्या थिबा राजाची राजधानी मंडाले दाखवा. तिथून रत्नागिरीपर्यंतचं अंतर त्यांनाच मोजू द्या. इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबाचं राज्य घेतलं आणि त्याला देशाबाहेर काढलं, हे सांगा. मग रंगूनवर बोट ठेवा. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी तिकडे धाडलं होतं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! असं का केलं असेल, हे मुलांना विचारा आणि गप्प राहा. उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. राजवाडा १९१० चा, राजा वारला १९१६ मध्ये, या सनावळ्या मग घोकाव्या लागत नाहीत.

एवढ्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पूर्ण तास पडदा चालू ठेवू नका. अंधारात मागच्या बाकावरची मुलं पेंगतात.

आदल्या दिवशी शाळेत जाऊन प्रोजेक्टर लावून बघा. वायर पुरते का, आवाज मागपर्यंत जातो का, तेही बघा. चित्रं, नकाशे, चित्रफीत आधीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या. रेंजवर विसंबू नका. पावसाळ्यात लाइट कधीही जाते, म्हणून भिंतीवरचा नकाशा आणि खडू जवळ असू द्या. लाइट गेली तरी पाठ थांबता कामा नये.

मोबाइलवर करायचा गृहपाठ देऊ नका. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. ज्याला फोन मिळत नाही, ते मूल दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसतं. फोन लागणारं काम वर्गातच, गट करून, तुमच्या फोनवर करून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली माहिती तशीच वर्गात नेऊ नका. फोटो कुठला, कधीचा, कोणी काढला, हे कळत नसेल तर तो सोडून द्या. पाठ्यपुस्तक आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरची पुस्तकं आधी चाळा. अडलं तर मार्गदर्शक शिक्षकांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकू नका. पाठाच्या नोंदीसाठी फोटो लागला, तर मुख्याध्यापकांना विचारून मगच काढा.

शेवटची पाच मिनिटं प्रोजेक्टर बंद ठेवा. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना दोन-चार ओळींत वहीत लिहायला सांगा. त्या वह्या घरी नेऊन वाचा. बहुतेकांना कारण सांगता आलं, तर साधन कामी आलं समजा. नुसतं चित्रच आठवत असेल, तर दुसऱ्या दिवशी पडदा न लावता तोच प्रश्न फळ्यावर लिहा आणि पुन्हा शिकवा.