विसरलेली चाके

रुग्णाला घेऊन निघालेल्या एका छोट्या विमानाचे एक चाक ६ मे २०२१ रोजी नागपूरच्या विमानतळावरून उड्डाण करतानाच निखळून पडले. विमान मुंबईला आणण्यात आले, धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, अग्निशामक दल सज्ज राहिले आणि वैमानिकाने ते विमान पोटावर उतरवले. आतील पाचही जण सुखरूप बाहेर पडले. या कामगिरीचे सर्वत्र कौतुक झाले व ते यथायोग्यच होते. परंतु छोटी विमाने चाकांवाचून जमिनीला टेकतात, त्या सगळ्याच प्रसंगांमागे यंत्राचा दोष असतो असे नाही. चाके शाबूत असतात, यंत्रणा ठाकठीक असते आणि वैमानिक ती खाली सोडावयास केवळ विसरतो, असेही प्रसंग जगभर वारंवार घडतात. त्यांचे कौतुक होत नाही. त्यांची कुजबुज होते. खरा विचार व्हावयास हवा तो या दुसऱ्या प्रकाराचा.

चाके उघडी राहिली तर हवेचा विरोध वाढतो, वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. म्हणून अधिक वेगाच्या विमानांत ती उड्डाणानंतर पोटात वा पंखांत मिटून घेण्याची सोय असते. विजेची मोटर किंवा तेलाचा दाब हे काम करतो. तिन्ही चाके खाली येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात. वीज गेली वा तेल गळून गेले तरी दुसरा मार्ग ठेवलेला असतो. काही विमानांत हाताने फिरवावयाचा दांडा असतो, काहींत हातपंप असतो, तर काहींत तेलाचा दाब सोडून दिला की चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. यंत्र बिघडले की वैमानिकाचे सारे लक्ष त्या एका बिघाडावर एकवटते. तो घिरट्या घालतो, पुस्तिका उघडतो, नियंत्रण मनोऱ्याचे साहाय्य घेतो. नागपूरच्या विमानातील मंडळी बचावली, त्यात या सावधपणाचा वाटा मोठा होता.

विस्मरणाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यावेळी सारे काही सुरळीत असते आणि घात तेथेच होतो. उतरण्याची तयारी चालू असताना मनोऱ्यावरून वेगळी सूचना येते, पुढे दुसरे विमान आडवे येते किंवा शेजारी बसलेला प्रवासी काही विचारतो. हातातले काम अर्धवट राहते आणि मन मात्र ते पूर्ण झाले असे धरून चालते. चाके वर असताना इंजिनाची शक्ती कमी केली की इशाऱ्याचा भोंगा वाजतो हे खरे. पण अन्यत्र गुंतलेल्या मनाला कानावर पडणारा आवाजही ऐकू येत नाही. पुढचा आवाज येतो तो पंखा जमिनीवर घासल्याचा. अशा घटनेत माणसे बहुधा वाचतात. मात्र पंखा वाकतो, इंजिन उघडून तपासावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च कधीकधी विमानाच्या किमतीला जाऊन भिडतो.

यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाने प्रथम तेच केले होते. काही लढाऊ व बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच मिटून घेत आणि विमान जागच्या जागी बसे. १९४३ मध्ये अल्फान्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले, की त्या विमानांत दोन्हींची बटणे सारखी व शेजारीशेजारी होती. ज्या मालवाहू विमानात ती तशी नव्हती, तेथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या दांड्याला चाकाचा आणि झडपांच्या दांड्याला झडपेचा आकार देण्याचे सुचवले. त्याने चूक ओसरली. आजही विमानांतील चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. दोष माणसांच्या माथी मारला असता, तर वैमानिक बदलत राहिले असते आणि विमाने पडत राहिली असती.

यंत्रावर सर्व भार टाकण्यालाही मर्यादा आहेत. १९६७ मध्ये आलेल्या पायपर ॲरो या छोट्या विमानात वेग कमी होताच चाके आपोआप खाली यावीत अशी योजना होती. परंतु इंजिन बंद पडून विमान तरंगत दूरवर न्यावयाचे असताना चाके आपोआप उघडली, तर वाचण्याची संधीच कमी होते. पुढे ही योजना मागे पडली. माणसाचे लक्ष आणि यंत्राची मदत यांची सांगड घालण्यावाचून गत्यंतर नाही.

ही चूक किती भयंकर ठरू शकते हे २२ मे २०२० रोजी कराचीत दिसले. तेथील विमान छोटे नव्हते; पण प्रवासी विमानासही तोच नियम लागू आहे. चाके वर असतानाच ते धावपट्टीवर टेकले, त्याची इंजिने घासली गेली, वैमानिकांनी ते पुन्हा उचलले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने निकामी होऊन ते वस्तीवर कोसळले. विमानातील ९९ पैकी ९७ जण मृत्युमुखी पडले. छोट्या विमानाच्या वैमानिकांनाही म्हणूनच शिकवले जाते, की पंखा एकदा जमिनीला लागला की पुन्हा उडण्याचा मोह धरू नये.

आपल्याकडे वैमानिक प्रशिक्षण संस्था वाढत आहेत. तेथील शिक्षणाचा आरंभ बहुधा ज्यांची चाके मिटतच नाहीत अशा साध्या विमानांवर होतो. सवय लावावयाची ती याच वेळी. चाके मिटत नसली, तरी उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी ‘चाके खाली’ असे मोठ्याने म्हणून पाहण्याची शिस्त काही चांगले शिक्षक लावतात. ती सर्वांनी लावावी. काम मध्येच तुटले तर तपासणी जेथे सोडली तेथून नव्हे, तर पहिल्यापासून करावी, हाही धडा परीक्षेपुरता राहू नये.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, चूक सांगण्याची भीती जावयास हवी. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपल्या चुका गोपनीयपणे कळवता येतात. अपघात व गुन्हे वगळता, अजाणता झालेला नियमभंग वेळेत कळवणाऱ्यास शिक्षेत सवलतही मिळते. भोंगा वाजल्यावर अखेरच्या क्षणी चाके सोडणारा विद्यार्थी घरच्यांच्या कर्जाच्या आणि परवान्याच्या धास्तीने गप्प राहिला, तर त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही. तिच्यातून जे दहा जण शिकले असते, ते तीच चूक स्वतः करावयास मोकळे राहतात. प्रशिक्षण संस्थांनी अशा विद्यार्थ्याला शिक्षा करण्याआधी त्याच्याकडून सारी हकीकत ऐकून घ्यावी आणि ती नाव गाळून इतर सर्वांना सांगावी. यास नव्या विमानांची वा परदेशी तज्ज्ञांची आवश्यकता नाही.