किती किलोमीटर नव्हे, किती तास

मंगळवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, पिवळा दिवा लागलाय आणि गाडी ओढतच नाहीये." गाडी घेऊन त्याला तेवीस दिवस झाले होते. मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही, २०२१ चं मॉडेल, एकच मालक, तोही डॉक्टर, मीटरवर ४१ हजार, किंमत १२ लाख ६० हजार. घेण्याआधी त्याने मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एका सुरात मला गप्प केलं होतं. "एवढी कमी चाललेली गाडी पुन्हा मिळणार आहे का?"

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझा तोल जातो. सेकंड हँड गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न मीटरचा, दुसरा प्रश्न मीटरचा, आणि तिसरा प्रश्न रंगाचा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाहीच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीत तोच डबा बसला आहे, ज्याच्याविषयी मी या जागेत वाचकांना कंटाळा येईस्तोवर लिहिलंय. डीपीएफ.

आमचे गॅरेजवाले भाऊ नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यांनी बॉनेट उघडलं, पण स्कॅनरला हात लावला नाही. आधी ऑइलची कांडी काढली, फडक्याने पुसली, परत घातली आणि काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मग त्यांनी कांडीचा एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती पिवळट पातळ कडं झरझर पसरत गेलं. "काका, वास घ्या," म्हणाले. डिझेलचा वास. ऑइल कुणी जास्त ओतलं नव्हतं, ऑइलमध्ये डिझेल उतरलं होतं.

असं का होतं, ते पुन्हा एकदा सांगतो. धुरातली काजळी डब्याच्या जाळीत अडकते. डबा भरत आला की ती काजळी जाळावी लागते. त्यासाठी आत साडेपाचशे-सहाशे अंशांची धग हवी, आणि ती आणायला इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल सोडतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत धावली की काजळी जळून जाते, चालवणाऱ्याला कळतही नाही. पण डॉक्टरांचं घर ते दवाखाना साडेतीन किलोमीटर, मधे सहा सिग्नल. काजळी जळायला लागते न लागते तोच गाडी दवाखान्याच्या दारात बंद. जादा सोडलेलं डिझेल जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं. आणि त्याच पातळ ऑइलवर टर्बोने मिनिटाला लाखभर फेरे घ्यायचे असतात.

डॉक्टरांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. गाडी सावलीत ठेवली, दर वर्षी सर्व्हिसिंग केलं, सीटवरचं कव्हरसुद्धा डागाळू दिलं नाही. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, हे आपल्याला शाळेत असताना माहीत होतं. फिरवलं नाही म्हणून. गाडी घेतानाच ते नेमकं कसं विसरतो?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. भाऊंच्या दुसऱ्या लिफ्टवर त्याच दिवशी तीच गाडी उभी होती. तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन, तोच हाताने टाकायचा गिअर. मुद्दाम शोधून आणली असती तरी इतकी जुळली नसती. फरक एकच, हिच्या मीटरवर १ लाख ३७ हजार ८०० किलोमीटर. मालक बियाण्यांच्या धंद्यातले, पुणे-लातूर-नांदेड अशी त्यांची फिरती. गाडी विकायला काढलेली, किंमत ९ लाख ४० हजार. दोन महिन्यांत सात-आठ जण पाहून गेले होते, आणि प्रत्येक जण मीटर दिसल्यावर दार लावून निघून गेला होता.

मी भाऊंना म्हटलं, दोन्ही गाड्यांचे तास काढा. स्कॅनर लावला. अनेक गाड्यांचा संगणक इंजिन एकूण किती तास फिरलं, हे लिहून ठेवतो. नांदेडकरांच्या गाडीचे निघाले २,५४०. डॉक्टरांच्या गाडीचे निघाले २,६१०.

हे आकडे मी दोनदा पाहिले. जी गाडी "कमी चाललेली" म्हणून तीन लाख वीस हजार जास्त देऊन घेतली, तिचं इंजिन त्या "घासलेल्या" गाडीपेक्षा सत्तर तास जास्त फिरलेलं होतं. भागाकार करून पाहा. एकीचा सरासरी वेग ताशी ५४ पडतो, दुसरीचा ताशी १६ सुद्धा नाही. एक गाडी तापून, श्वास मोकळा ठेवून, टॉप गिअरमध्ये धावली. दुसरी थंड इंजिनावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगली, क्लच दाबत, ब्रेक मारत, सिग्नलला एसी लावून उभी राहत. उभ्या गाडीचं मीटर फिरत नाही, इंजिन मात्र फिरत असतं.

हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, किती तास चाललाय? जेसीबी असो, जनरेटर असो, सौदा तासांवर होतो, कारण यंत्र किती झिजलं ते तास सांगतात. बारा लाखांची गाडी घेणारा शिकलासवरलेला माणूस मात्र किलोमीटरवर भाळतो. गावाकडचं हे साधं शहाणपण शहरात येताना कुठे गळून पडलं, मला कळत नाही.

आता खर्च. डॉक्टरांच्या गाडीचा डीपीएफ उतरवून धुऊन घेतला, २२ हजार. कंपनीच्या वर्कशॉपने नवा डबा बसवायला १ लाख ६० हजार सांगितले होते. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चिकटला होता, तो नवा, ३१ हजार. ऑइल आणि फिल्टर साडेआठ हजार. बॅटरी ९ हजार. आणि क्लच. या मोठ्या डिझेल गाड्यांमध्ये क्लचच्या मागे दोन थरांचं फ्लायव्हील असतं, इंजिनाची थरथर गिळून टाकणारं. गर्दीत अर्धा क्लच दाबून रांगलं की प्लेट जाते, आणि जाताना बहुधा फ्लायव्हीललाही घेऊन जाते. दोन्ही मिळून ६४ हजार. एकूण १ लाख ३४ हजार ५००. टायर पाच वर्षांचे, नक्षी भरपूर पण रबर दगडासारखं कडक. ते अजून बाकी आहेत.

नांदेडकरांच्या गाडीला पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर लागले, १४ हजार. लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड साडेनऊ हजार. एक व्हील बेअरिंग, लेबर धरून साडेसहा हजार. चार टायर ४४ हजार. एकूण ७४ हजार, आणि त्यातही निम्म्याहून जास्त पैसे टायरचे. क्लच मूळचाच आहे आणि पेडल अजून हलकं आहे. कांडी काढून दाखवली, ऑइल खुणेवर.

ती गाडी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बॉनेटवर खडी लागून रंग उडालाय, ड्रायव्हरची सीट बसलीय, इंजिनाचा पट्टा-रोलर असं काय काय आता पाहावं लागेल. डीपीएफमध्ये काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणजे दोन लाखांच्या पुढे हाही डबा एकदा खोलावा लागणार. इंजेक्टरही त्या सुमारास हात दाखवतात. पण हे सगळे खर्च कधी येणार ते आधी सांगता येतं, आणि नांदेडकरांकडे दर दहा हजारांच्या सर्व्हिसिंगची बिलं फाइलमध्ये लावलेली आहेत, तेरा बिलं. ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं, तेही त्यावर छापलंय. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचंच ऑइल लागतं. चौकातल्या दुकानातून कुठलंही स्वस्त ऑइल ओतलं की डबा लवकर भरतो. ही फाइल मला त्या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते.

भाच्याची गाडी विकणाऱ्या डीलरने दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल दिला होता. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. रंगाची जाडी, काचांवरचे ओरखडे, स्टेपनी, म्युझिक सिस्टिमचे चारही स्पीकर. डीपीएफ किती भरलाय, याची नोंद नाही. इंजिनाचे तास नाहीत. ऑइलची पातळी "ठीक". ज्याने ती ठीक लिहिली त्याने कांडी काढली होती का, एवढंच मला विचारायचं आहे. सोबत दिलेल्या वॉरंटीत डीपीएफ आणि क्लच "झीज होणारे भाग" म्हणून बाहेर.

मधल्या काळात एका माणसाने भाच्याला फोनवर सुचवलं, की पंधरा हजारांत डबा आतून पोकळ करून देतो, संगणकालाही गप्प करतो, पुन्हा कधी दिवा लागणार नाही. हे मी होऊ दिलं नाही आणि कुणालाच करू देणार नाही. तो डबा मागच्या स्कूटरवर आईला धरून बसलेल्या पोराच्या फुप्फुसासाठी बसवलाय. ज्यांना दुरुस्तीचे बावीस हजार जड वाटतात त्यांनी डिझेल घेऊ नये.

हा हिशेब फक्त डीपीएफपुरता नाही. ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांचंही तेच. कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स महामार्गावर लोण्यासारखा चालतो, आणि चांदणी चौकात किंवा हिंजवडीच्या वाटेवर तासभर रांगला की तापतो. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये एकट्या चीनमधून डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सपायी पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. टायमिंग बेल्ट तर किलोमीटरइतकाच वर्षांनीही म्हातारा होतो. २०१२ मध्ये आलेल्या डस्टरचं दीड लिटरचं डिझेल इंजिन पट्ट्यावर चालतं. आपल्या रांजणगावात बनणारं दोन लिटरचं मल्टिजेट, जे कंपासमध्येही आहे आणि हॅरियरमध्येही, तेही पट्ट्यावरच. "फक्त साठ हजार चाललीय" म्हणून आठ वर्षं मूळचा पट्टा ठेवलेली गाडी मी विकत घेणार नाही. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि वीस-पंचवीस हजारांचं काम लाखावर जातं. पहिल्या क्रेटाच्या १.६ डिझेलमध्ये चेन आहे. ती जास्त टिकते, पण तीही ऑइलवरच जगते, आणि ऑइलमध्ये डिझेल उतरलं तर तिचंही आयुष्य घटतं.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांबद्दल तीन पत्रं आली आहेत. हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिथल्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे उतरतात. चकचकीत, कमी मीटरच्या, स्वस्त. त्याही शहरात रांगलेल्याच गाड्या असतात. तास काढल्याशिवाय हात लावू नका.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी होते, त्या वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो आणि कुणीही गाडीचा नंबर टाकून तो पाहू शकतो. आपल्याकडे खासगी गाडीची सरकारी तपासणी थेट पंधरा वर्षांनी. दर वर्षी पीयूसी काढायला गाडी उभी करतोच की आपण. तिथेच मीटर नोंदा, जमेल त्या गाडीचे तास नोंदा, आणि वाहन पोर्टलवर सगळ्यांना दिसू द्या. हे मी सहाव्यांदा लिहितो आहे, सातव्यांदाही लिहीन.

तोवर एवढं करा. मिस्त्रीला सोबत न्या, स्कॅनरवर तास बघा. गाडी तास देत नसेल तर डॅशबोर्डवरचा सरासरी वेग बघा. तो वीसच्या खाली असेल आणि गाडी बीएस-६ डिझेल असेल, तर कांडी काढून वास घेतल्याशिवाय पैशाचं बोलू नका. आणि स्वतःची रोजची धाव दहा किलोमीटरच्या आत असेल तर डिझेल बघूच नका, साधी पेट्रोल घ्या.

भाच्याची गाडी शनिवारी मिळाली. रविवारी आम्ही दोघं तिला घेऊन साताऱ्याच्या रस्त्याने शिरवळपर्यंत जाऊन आलो, चौथ्या गिअरमध्ये, ताशी सत्तरने, एकदाही न थांबता. दिवा लागला नाही. आता दर पंधरवड्याला त्याला ही फेरी मारावी लागणार आहे. शंभर किलोमीटर, सातेक लिटर डिझेल. घरून दवाखान्याइतक्याच अंतरावर त्याचं ऑफिस आहे.

नांदेडकरांची गाडी अजून भाऊंच्या गॅरेजबाहेर उभी आहे. नवे टायर घातलेत आणि किंमत वीस हजारांनी उतरवली आहे. काल संध्याकाळी एक जोडपं पाहायला आलं होतं. नवऱ्याने दार उघडलं, चावी फिरवली, मीटर बघितलं. भाऊ आत फाइल आणायला गेले होते. ते बाहेर येईपर्यंत दोघं गेटपाशी पोहोचले होते.