मुलांचे डोळे आणि पाच तारे

नव्या व्यापाऱ्याला उधारीवर माल देण्यापूर्वी आपण बाजारात त्याची पत विचारतो. तसेच आता मुलाचे डोळे दाखवण्यापूर्वी आईबाप मोबाईलवर डॉक्टरांचे तारे मोजतात. चारच्या वर असतील तर जायचे, खाली असतील तर दुसरा दवाखाना. पत विचारण्यात गैर काही नाही. पण हे तारे कशाबद्दल मिळतात, ते तपासावयास हवे.

अभिप्राय वाचून पाहा. तारीफ असते ती डॉक्टर गोड बोलले, खेळणी होती, पाच मिनिटांत मोकळे झालो याची. तक्रार असते ती दोन तास बसवले, डोळ्यांत थेंब घालून मुलाला रडवले, पुन्हा चार दिवसांनी बोलावले याची. हिशेब उलटा होतो तो इथेच.

लहान मुलाच्या डोळ्यातील भिंगाला जोर फार असतो. नजर जुळवण्याच्या नादात ते खरा नंबर लपवते. तो जोर थेंबांनी तात्पुरता ढिला करावा लागतो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब घातले तर पाऊण-एक तास बसणे आलेच. मूल फार लहान किंवा तिरळे असेल तर अ‍ॅट्रोपीनचे मलम तीन दिवस घरी घालून चौथ्या दिवशी बोलावण्याची पद्धत आहे. मग काही दिवस मुलाचे डोळे उन्हात दिपतात, जवळचे अक्षर धूसर दिसते. घरची मंडळी घाबरतात आणि रागाने एक तारा देऊन मोकळी होतात. उलट थेंबांशिवाय नुसत्या यंत्रावर काढलेला मुलाचा नंबर पुष्कळदा चुकतो. नसलेला उणे नंबरही निघतो. पण काम झटपट झालेले असते, म्हणून पाच तारे!

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ताका उलगडून पन्ना मोजतो, पोत बोटांनी पाहतो. रंग पक्का की कच्चा हे मात्र पहिल्या धुण्यात कळते. आळशी डोळ्याचे धुणे तर कैक महिन्यांनी येते. त्यात चांगला डोळा पट्टीने झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावतात. सात वर्षांच्या आत हा इलाज उत्तम लागू पडतो, पुढे यश कमी होत जाते. अभिप्राय मात्र त्याच संध्याकाळी लिहिला जातो, आणि लिहिणारा बाप असतो, पेशंट नव्हे. शाळेच्या गणवेशाचे कापड शाळा पसंत करते, अंगाला खाजते ते मुलाच्या. तसाच हा मामला.

एक डॉक्टर सहा तास पट्टी सांगतो, दुसरा दोन तास. लोक दुसऱ्याला निष्काळजी म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्याला चार महिन्यांत दोन तासांनी तेवढाच फायदा दिसला, जेवढा सहा तासांनी. हे तारे देणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

तरीही साऱ्या तक्रारी फोल आहेत असे म्हणणे इन्साफाचे होणार नाही. पट्टी का लावायची हे समजावून सांगितले नाही तर मूल ती ओढून फेकते आणि आई गप्प बसते, इलाज बुडतो. म्हणून ‘डॉक्टरांनी नीट समजावले नाही’ ही तक्रार मी फार वजनदार मानतो. खुर्च्या मोडक्या, पार्किंग नाही, या तक्रारी सोडून द्याव्यात.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. विकत घेतलेली तारीफ त्यात बसत नाही, लिहिणारा खरा आहे की नाही याची पडताळणीही सांगितली आहे. पण ते ऐच्छिक ठेवले गेले. शिवाय माणूस खरा ठरला म्हणून नंबर बरोबर ठरत नाही.

माझी रीत साधी आहे. आधी तारखा पाहतो, आणि सहा महिने इलाज घेऊन लिहिलेला एक अभिप्राय पहिल्या दिवसाच्या पन्नासांपेक्षा जास्त धरतो. ‘थेंब घालून तासभर बसवले’ अशी तक्रार दिसली तर तो दवाखाना यादीतून खोडत नाही. फोन करून विचारतो, तपासणीला एकूण किती वेळ लागेल आणि दुकान किती वाजेपर्यंत मुलाच्या हवाली करावे.