स्टॉल लहान असावा, औषध उघडे असावे

आयुर्वेदाच्या परिषदा व त्यांना जोडून भरणारी प्रदर्शने ही आपल्या व्यवसायातील नित्याची बाब झाली आहे. जागतिक आयुर्वेद परिषद २००२ साली कोची येथे प्रथम भरली, २००६ साली ती पुण्यास आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पणजीस. तिच्यासोबतचे आरोग्य प्रदर्शन, शासनाचे आरोग्य मेळावे आणि निरनिराळ्या संघटनांची अधिवेशने यांतून औषधनिर्मात्यांना स्टॉल मिळतात. अशा वेळी लहान फार्मसी चालविणारे आपले सभासद हमखास एकच प्रश्न विचारतात : मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटात आमच्याकडे पाहणार कोण? प्रश्न रास्त आहे. स्टॉलचे भाडे, मालाची वाहतूक, दोन माणसांचा चार दिवसांचा मुक्काम आणि छपाई एवढा भार लहान फार्मसीला सहज पेलत नाही. तो वाया गेला तर पुढील हंगामाच्या वनस्पती-खरेदीलाच कात्री लागते.

सर्वसाधारणपणे तीन मीटर रुंद व तीन मीटर खोल अशी जागा मिळते. तिन्ही बाजूंना पांढरे पडदे, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन दिवे आणि वर नावाची पट्टी. एवढ्या जागेत आपले बंधू मोठ्या कंपनीची छोटी आवृत्ती उभी करतात. नटनटीची छायाचित्रे, दूरदर्शन संच, सोडतीची पेटी आणि पन्नास औषधांची उतरंड! मोठा स्टॉल हे सारे दहापट करू शकतो. त्याचे अनुकरण केल्याने आपला लहानपणा तेवढा उठून दिसतो.

दुसरा मार्ग याहून घातक आहे. गर्दी जमेना की फलकावरील भाषा चढू लागते. ‘मधुमेह समूळ नष्ट’, ‘स्थूलता हमखास दूर’ अशी अक्षरे आम्ही अनेक प्रदर्शनांत वाचली आहेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, स्थूलता यांसारखे विकार नमूद आहेत आणि ते बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. या कायद्यातील ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत पत्रक, लेबल व वेष्टन तर येतेच, शिवाय तोंडी केलेली घोषणाही येते. म्हणजे ध्वनिक्षेपकावरून ओरडणारा मुलगाही मालकाला अडचणीत आणू शकतो. नोंदणीकृत वैद्यांना विहित पद्धतीने गोपनीयरीत्या पाठविलेल्या माहितीला सवलत आहे, परंतु येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती दिलेल्या पत्रकाला ती लागू होत नाही. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी ज्या वैद्याच्या विश्वासावर आपला माल खपतो तो वैद्य असा फलक पाहूनच पुढे निघून जातो, हे नुकसान कोणत्याही दंडाहून मोठे आहे.

मग करावे काय? आमचे मत असे की, जे लहान फार्मसीला सहज दाखविता येते तेच दाखवावे. भस्मे करणाऱ्याने टेबलावर पाण्याने भरलेले काचेचे पात्र ठेवावे. लोहभस्माची चिमूट पाण्यावर सोडावी, ते तरंगताना वैद्यांना पाहू द्यावे, त्या थरावर तांदळाचा दाणा अलगद ठेवून तोही तरतो हे दाखवावे. अभ्रकभस्म दिव्याखाली धरून त्यात चमक उरलेली नाही हे पाहणाऱ्यालाच तपासू द्यावे. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र हे शब्द आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहेत. ती परीक्षा प्रत्यक्ष पाहण्यास मिळाली तर जाणता वैद्य थांबल्याशिवाय राहणार नाही. पात्राशेजारी त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवालही ठेवावा, कारण आजचा ग्राहक शास्त्रोक्त परीक्षेबरोबर जड धातूंच्या तपासणीचेही विचारतो आणि ते विचारणे योग्यच आहे.

काष्ठौषधी वापरणाऱ्याने दहा वाट्यांत दशमुळे वेगवेगळी मांडावीत. बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला, गंभारी एका ओळीत. शालिपर्णी, पृश्निपर्णी, बृहती, कंटकारी, गोक्षुर दुसऱ्या ओळीत. दशमूलारिष्ट वर्षानुवर्षे लिहून देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही दहा मुळे अलग अलग हाताळली आहेत? अशोकाच्या खऱ्या सालीशेजारी खोट्या अशोकाची, म्हणजे आसुपालवाची साल ठेवावी. नागकेशराशेजारी सुरंगीच्या कळ्या ठेवाव्यात. बाजारात एकाच्या नावे दुसरे कसे खपते हे दोन वाट्या पाहून जेवढे कळते तेवढे चार पानी पत्रकाने कळत नाही. ‘आम्ही शुद्ध द्रव्य वापरतो’ असे मग फलकावर लिहिण्याची गरजही उरत नाही. मंडपात अग्नी पेटविण्यास सहसा परवानगी नसते, म्हणून तैलपाक तेथे करता येणार नाही. पण सिद्ध तेलाचे झाकण उघडे ठेवले तरी त्याचा गंध ग्राहकाला बोलावून आणतो.

औषधे मोजकीच मांडावीत. जी दोन-तीन आपल्या हातची ख्याती आहेत तीच पुढे ठेवावीत, बाकीची सूचीत असू द्यावीत. नावाच्या पट्टीखाली आपण काय बनवतो ते एका ओळीत लिहावे. परप्रांतात प्रदर्शन असल्यास ती ओळ हिंदीत व इंग्रजीतही हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्टॉलवर औषध करणारा माणूस स्वतः उभा राहावा. भावना किती दिल्या, घृत कोठले, मुळे कोणत्या ऋतूत काढली, या प्रश्नांची उत्तरे भाड्याने आणलेल्या मुलामुलींना देता येत नाहीत. मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर ही उत्तरे देणारा माणूस क्वचितच भेटतो. लहान फार्मसीचे खरे बळ येथे आहे.

भेटीला आलेल्यांची नोंदवही ठेवावी व त्यात वैद्य, विक्रेता, विद्यार्थी, रुग्ण असा भेद करावा. कोणी काय विचारले हे तिथल्या तिथे टिपावे आणि आठ दिवसांच्या आत उत्तर, दरपत्रक व मागितल्यास अहवालाची प्रत पाठवावी. पुष्कळ स्टॉलचा खर्च प्रदर्शन संपल्यावर, या एका आळसापायी बुडतो.

दोन शब्द आमच्या वैद्यबंधूंना व विक्रेत्यांनाही. स्टॉलवर आपण प्रथम काय मागतो? सवलत, स्कीम आणि भेटवस्तू! बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व चाचणी अहवाल आपण मागू लागलो तर प्रामाणिक निर्मात्याला झगमगाट करण्याची गरजच पडणार नाही.

संघटनेकडेही आमचे एक मागणे आहे. पाच-सहा लहान फार्मसींना मिळून एक सामायिक दालन घ्यावे, भाडे वाटून घ्यावे, मधोमध वनस्पतींचा व भस्मपरीक्षेचा एकच मंच ठेवावा आणि फलकांवरील मजकूर आधी जाणकारांच्या नजरेखालून जावा. ज्याला एकट्याने चार दिवस उभे राहणे परवडत नाही, त्यालाही मग आपले औषध चार जाणत्या हातांत देता येईल. येत्या सर्वसाधारण सभेत या विषयावर सभासदांनी आपले विचार मांडावेत, अशी आमची विनंती आहे.